दोनशे वजा

कोरेगाव रस्त्याला, वजनकाट्याच्या पुढे,
दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
ऐन मे महिन्यात आली बर्फावरची गाडी.
लष्करी लिलावातली. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी साखळी,
चाक एकही नाही.
भंगारवाल्या ओसवालांनी ती वजनावर घेतलेली,
आता महाबळेश्वरच्या कुठल्याशा हॉटेलला दारात उभी करायची होती.
नुसती शोभेला नको, म्हणाले. चालू पाहिजे. काट्यासकट.

शिकलगार तिच्याभोवती दोनदा फिरले.
सीटखाली हात घालून नंबर चाचपला.
“ही नव्हं,” म्हणाले. “पण हिचीच भन.”

तिसऱ्या दिवशी इंजिन धरलं.
काटा उठला, थरथरला, बसला बत्तीसशेवर.
“बसला खरा. पण खरं बोलतोय का?”

दिवेलागण होऊ दिली.
धुराड्याला पाइप जोडून बाहेर नाल्याकडे सोडला.
बर्फाशिवाय ही तापते, म्हणून
समोरच्या रसवंतीतून अर्धी लादी आणली,
पोत्यात गुंडाळून पोटाखाली सारली.
साताऱ्यात बर्फ म्हणजे एवढाच.

शेडमधले नवे दिवे सगळे बंद.
एक जुनी चोकवाली ट्यूब, फडफडत लागणारी,
ती त्यांनी याच कामासाठी टिकवली आहे.
पट्टा काढला. पुलीवर मी खडूची रेघ मारली,
मधोमधून काठापर्यंत, एकच.

“ट्यूब सेकंदाला शंभरदा इझती, पोरी.
आपल्याला दिसत न्हाई, रेघंला दिसतं.”

त्यांनी रेस दिली.
रेघ आधी विरघळली, पांढरं ताक झाली,
मग ताकातून चार काड्या वर आल्या, गेल्या,
आणि शेवटी दोनच उरल्या, समोरासमोर,
जणू कुणी फिरतं जातं हाताने थांबवलंय.
तीन हजार.
काटा म्हणत होता बत्तीसशे.

मी विचारलं, आणि वीज बरोबर आहे हे कोण बघतं?
“कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातनं उतरतं,
त्येच्यासंगं सगळा देश एका तालात फिरतो.
चुकला तर समदेच एकदम चुकत्याल.
मग ती चूक ऱ्हात न्हाई.”

हसले नाहीत मात्र.
अंगठा रेसवर तसाच, नजर त्या दोन काड्यांवर.

“वर एक पोरगा हुता, बिशन. कांगड्याकडचा.
म्हणायचा, हवालदारसाब, इंजन कम बोल रहा है.
कानानं सांगायचा. मी म्हणलं, काटा बघ.
चौघांत म्हणलं.
काटा बरोबर दाखवतोय, चढ.
चढाच्या मध्यावर पुली पट्टा धरंना.
रात्रभर बसला तिथं गाडीला पाठ लावून.
दोन बोटं गेली त्याची. डाव्या पायाची.
मी तवा काटा तपासला न्हाई.
ट्यूब तिथं कुठली.”

मी पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहिलं, २०० वजा,
आणि तबकडीच्या काचेवर लावलं.
ओसवालांना ते आवडणार नाही.

“आता चार हजारावर बघू,” म्हणाले,
आणि वीज गेली.

इंजिन चालूच.
तबकडीतला दिवा केव्हाचाच जळलेला.
रेघ नाही, काटा नाही, शिकलगारही नाहीत,
फक्त आवाज, आणि लादीचं पाणी
हळूच माझ्या चपलेत येत होतं.
रेस त्यांनी वाढवली, किंचित सोडली, धरली.

“किती?”

मला काय माहीत. ट्रेडला येऊन वर्ष झालं नाही.
“काका, लाइट येऊ दे की.”

“किती?”

मी डोळे मिटले, अंधारात त्याची गरज नव्हती तरी.
आवाजाच्या आत आणखी एक आवाज होता,
जाडसर, थोडा मागे राहणारा.
“छत्तीसशे,” म्हणाले मी. “कमीच असेल.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग खिशातून पेन काढल्याचा खटका ऐकू आला.

“सांग परत,” म्हणाले. “लिहून घेतो.”